दागिन्याची पावती घेतो, मग कागदाची?

घरात पैशाची अडचण आली की बाईचा हात पहिल्यांदा दागिन्याकडे जातो. पाटल्या, मंगळसूत्राच्या वाट्या, लेकीसाठी जपून ठेवलेले कानातले. ते घेऊन आपण सराफाकडे किंवा बँकेत जातो तेव्हा किती सावध असतो बघा! वजन डोळ्यांसमोर करायला लावतो, भाव विचारतो, व्याज विचारतो, पावती घेतो. आणि ती पावती घरी आल्यावर साडीच्या घडीत, जिथे कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवतो.

पण त्याच अडचणीच्या काळात आपण आणखी एक चीज दुसऱ्याच्या हातात देत असतो. आधार कार्डाची झेरॉक्स, पॅन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, दोन फोटो आणि मशीनवर अंगठा. हे देताना कुणी वजन करत नाही की पावती मागत नाही. ‘ताई, नुसती झेरॉक्स तर द्यायचीय,’ असं समोरचा म्हणतो आणि आपण देऊन मोकळ्या होतो. दागिना एकदाच गहाण पडतो. कागद मात्र एकदा हातातून गेला की तो किती ठिकाणी गहाण पडेल याचा हिशेब नसतो. मैत्रिणींनो, आज त्याबद्दलच बोलायचंय.

मानखुर्दच्या बायका

मानखुर्द हे मुंबई उपनगर जिल्ह्यातलं, घाटकोपर-चेंबूरच्या पलीकडचं हार्बर लाइनवरचं स्टेशन. वस्ती बरीचशी हातावर पोट असणाऱ्यांची. २०२५ साली इथल्या बायकांनी पोलिसांत जी तक्रार दिली, ती वाचून मी सुन्न झाले. ‘लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळवून देतो’ असं सांगून काही लोकांनी त्यांच्याकडून आधार, पॅन अशी कागदपत्रं घेतली, फोटो काढले. आणि त्या कागदांवर त्यांच्या नावाने महागडे आयफोन कर्जाने उचलले. बातम्यांत आलेला आकडा होता सुमारे पासष्ट बायकांचा आणि वीस लाख रुपयांच्या आसपासच्या रकमेचा. फोन गेले भामट्यांकडे, हप्ते आले बायकांच्या नावावर. ज्यांना महिन्याचे पंधराशे रुपये मोलाचे वाटत होते, त्यांच्या डोक्यावर न पाहिलेल्या फोनचं कर्ज!

मुंबईचं आहे, आपल्या गावात कुठे असं होतंय, असं मनात आलं असेल तर थांबा. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, खारघरच्या एका बाईंना लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरता येईना. का, तर त्यांच्या आधार क्रमांकावर आधीच कुणीतरी अर्ज भरलेला! तपास करत पोलीस पोचले ते थेट सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. तिथल्या एका जोडप्याने दुसऱ्या बायकांचे आधार क्रमांक वापरून तीसच्या आसपास अर्ज भरल्याचं उघड झालं. फोटो मात्र बायकोचेच, वेगवेगळ्या कपड्यांत काढलेले. म्हणजे कागद शहरातला आणि हात गावातला. या चोरीला ना वेस आहे ना सीमा.

‘गरजवंताला अक्कल नसते’, खरंच?

अशी बातमी आली की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘गरजवंताला अक्कल नसते.’ मला ही म्हण पटत नाही. गरजवंत बाईला भरपूर अक्कल असते. महिनाअखेरीला दोनशे रुपयांत आठवडा काढणारी बाई बिनडोक असेल का? तिच्याकडे नसतो तो वेळ, आणि नसतो तो पर्याय. शाळेची फी सोमवारपर्यंत भरायची आहे, दवाखान्यात अनामत रक्कम आज भरायची आहे. समोरचा म्हणतो, आत्ता कागद द्या, संध्याकाळी पैसे खात्यात. अशा वेळी ‘हे कशाला हवंय?’ असं विचारायला जीभ रेटत नाही, कारण विचारलं तर तो ‘राहू द्या मग’ म्हणेल ही भीती असते. चोर नेमकी हीच घडी साधतो.

आणि ही घडी फक्त झोपडपट्टीत येते असंही नाही. आमच्या मुलुंड-भांडुपच्या भागाला २०१९ चा सप्टेंबर चांगलाच आठवतोय. भांडुपला मुख्य कार्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खात्यातून जेमतेम हजार रुपये काढता येतील असं जाहीर झालं. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेली. बँक दुसऱ्या बँकेत विलीन व्हायला २०२२ चा जानेवारी उजाडला. आयुष्यभर काटकसर करून साठवलेला पैसा आहे, पण हाती नाही! निवृत्त शिक्षिका, छोटे दुकानदार, मुलीच्या लग्नाची ठेव मोडायला निघालेले आईबाप, सगळे एका रात्रीत गरजवंत झाले. त्या बँकेच्या घोटाळ्यातलाही एक तपशील आजच्या विषयाशी जोडलेला आहे. एका बांधकाम कंपनीच्या गटाला दिलेली बुडीत कर्जं लपवण्यासाठी तब्बल २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली होती, असं पोलिसांत नोंदवलेल्या गुन्ह्यात म्हटलं होतं. खोट्या नावाचा खेळ फक्त गल्लीतला भामटाच करतो, असं समजायचं कारण नाही.

पाठोपाठ २०२० चं टाळेबंदीचं वर्ष आलं. पगार निम्मे झाले, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या आणि मोबाइलवर ‘दहा मिनिटांत कर्ज’ देणारी अ‍ॅप पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाने २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाहणी केली, तेव्हा अशी सुमारे अकराशे अ‍ॅप सापडली, आणि त्यातली सहाशे चक्क बेकायदा! ही अ‍ॅप फोनमध्ये घेताना आपण ‘परवानगी’वर बोट ठेवतो आणि आपली फोनवही, फोटो, सगळं त्यांच्या हवाली होतं. मे २०२२ मध्ये मालाडच्या एका तरुणाने अशाच अ‍ॅपवाल्यांच्या छळाला कंटाळून जीव दिला. त्याचे विकृत केलेले फोटो ओळखीच्या लोकांना धाडले गेले होते. पैशाची चोरी सोसता येते हो, पण नावाची आणि चेहऱ्याची चोरी माणसाला आतून मोडते.

आता कुणी म्हणेल, शिकलेल्यांचं असं होत नसेल. होतं ना! फेब्रुवारी २०२२ मध्ये अनेक नोकरदारांना अचानक कळलं, की आपल्या पॅन क्रमांकावर कुणीतरी ऑनलाइन छोटी कर्जं काढलीत. अभिनेत्री सनी लिओनी यांनीही, आपल्या पॅनवर कुणीतरी दोन हजारांचं कर्ज घेतल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. फरक एवढाच, की नामवंत व्यक्तीची तक्रार लगेच ऐकली जाते. मानखुर्दच्या बाईला मात्र ‘सही तर तुमचीच आहे ना?’ असं ऐकावं लागतं.

चोरी आपली, चोरही आपणच

या चोरीचा एक प्रकार मला सगळ्यात भयंकर वाटतो. तो म्हणजे खातं भाड्याने देणं. कुणीतरी ओळखीचाच येतो. ‘वहिनी, तुमचं खातं नुसतं पडून आहे, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड द्या, महिन्याला दोन-चार हजार मिळतील. कंपनीचे पैसे येतील-जातील, तुम्हाला काही करायचं नाही.’ घरात तंगी असते. बसल्या जागी पैसे मिळतायत, कुणाचं काय जातंय?

जातं ते असं. कुठल्यातरी शहरात एखाद्या वृद्ध जोडप्याला ‘डिजिटल अटक’ केल्याचं सांगून त्यांची आयुष्यभराची पुंजी लुबाडली जाते. ते पैसे लगेच चोराच्या स्वतःच्या खात्यात जात नाहीत. ते आधी जातात तुमच्या वहिनींच्या खात्यात आणि तिथून मिनिटाभरात दहा वाटांनी फुटतात. पोलीस माग काढत येतात तेव्हा त्यांना सापडतं ते वहिनींचं नाव, वहिनींचा पत्ता, वहिनींचा फोटो. खातं गोठतं ते तर गोठतंच, वर चौकशीला बोलावणं येतं. दोन हजारांसाठी दिलेलं पासबुक बाईला आरोपीच्या रांगेत उभं करतं. म्हणून एक गाठ पक्की बांधा. आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड कुणालाही वापरायला द्यायचं नाही. सख्ख्या भावालाही नाही.

सख्ख्या भावाचा विषय निघालाच आहे तर जरा अवघड बोलते. नावाची चोरी करणारा दर वेळी अनोळखी असतो असं नाही. नवऱ्याने न सांगता बायकोच्या नावावर कर्ज काढणं, दिराने ‘फक्त जामीन राहा’ म्हणून कर्जदाराच्या रकान्यात सही घेणं, बचत गटातल्या एखादीने ‘माझी मर्यादा संपलीय, तुझ्या नावावर घेऊया, हप्ते मीच भरीन’ म्हणणं, हे आपल्या आजूबाजूला चालतं. तिथे ‘नाही’ म्हणणं जड जातं, कारण पैशाबरोबर नातंही टांगणीला लागतं. पण जामीनदार आणि कर्जदार यांत फरक असतो, आणि कोऱ्या कागदावरच्या सहीला तर कसलाच फरक कळत नाही. हप्ता थकला की वसुलीवाला ‘हप्ते मीच भरीन’ म्हणणारीच्या दारात जात नाही. ज्याचं नाव कागदावर, त्याचं दार. म्हणून घरातल्यांनाही शांतपणे सांगा, ‘वाचल्याशिवाय मी सही करत नाही, माझी पद्धतच आहे तशी.’ पद्धत म्हटलं की रुसवा कमी येतो!

कागदाची पावती म्हणजे काय?

दागिन्याला पावती मिळते, तशी कागदाला आपण स्वतःच तयार करायची. मी काय म्हणते, ते एकेक करून सांगते.

आधार किंवा पॅनची झेरॉक्स देताना त्या प्रतीवरच आडवं लिहा. कशासाठी दिली, कुणाला दिली, कोणत्या तारखेला. उदाहरणार्थ, ‘फक्त गॅस जोडणीसाठी’, आणि खाली सही. लिखाण अक्षरांवरून, फोटोच्या कडेवरून जाऊ दे, म्हणजे ते खोडून दुसरीकडे वापरणं कठीण होतं. आपल्याजवळच्या वहीतही एक ओळ लिहून ठेवा, अमुक दिवशी अमक्याला प्रत दिली. उद्या काही झालंच तर धागा सापडतो. ही झाली तुमची पावती.

आधारची अशीही प्रत मिळते जिच्यावर क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्या संकेतस्थळावरून ती काढता येते. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने ‘आधारची झेरॉक्स सरसकट देऊ नका, अशी झाकलेली प्रत वापरा’ असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत सरकारने ते मागेही घेतलं. लोकांचा गैरसमज होईल, असं कारण दिलं. मला विचाराल तर पत्रक मागे गेलं तरी सल्ला सोन्यासारखा होता.

झेरॉक्सच्या दुकानात आपण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो आणि प्रिंट घेऊन निघून येतो. फोटो त्यांच्या संगणकात तसाच राहतो. ‘भाऊ, आता तो पुसून टाका’ असं सांगा आणि पुसेपर्यंत उभ्या राहा. खराब निघालेली प्रतही तिथल्या डब्यात टाकू नका, घरी आणून फाडा.

अंगठ्याबद्दल तर फारच जपा. गावात आधारवर पैसे काढून देणारे केंद्रवाले असतात. एका अंगठ्याला एकच व्यवहार. ‘आला नाही, परत ठेवा’ असं म्हणाला तर आधीच्या अंगठ्याचा निकाल काय लागला ते विचारा, छापील पावती मागा आणि घरी आल्यावर शिल्लक तपासा. बोटांचे ठसे कुलूपबंद करायची सोयही आधारमध्ये आहे. रेशनला किंवा पैसे काढायला जायचं तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं, काम झालं की पुन्हा बंद. आधारबद्दल काही विचारायचं असेल तर १९४७ या क्रमांकावर फोन लावा. स्वातंत्र्याचं साल, विसरायचा प्रश्नच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या बँक खात्याला मोबाइल क्रमांक कुणाचा जोडलाय? बहुतेकींच्या खात्याला नवऱ्याचा नाहीतर मुलाचा क्रमांक असतो. म्हणजे पैसे गेल्याचा संदेश, ओटीपी, कर्जाची सूचना, सगळं दुसऱ्याच्या फोनवर. बाईच्या नावावर काय चाललंय हे बाईलाच शेवटी कळतं! साधा बटणांचा फोन असला तरी चालेल, पण क्रमांक तुमचा, फोन तुमच्याजवळ आणि खात्याला जोडलेला तोच हवा. आणि तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर बघता येतं. त्यात अनोळखी क्रमांक दिसला तर तिथेच तक्रार करून तो बंद करायची सोय आहे.

नावावर काय कर्ज आहे, ते बघा

आपल्या नावावर कोणती कर्जं आहेत याची नोंद ठेवणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत. सिबिल हे नाव तुम्ही ऐकलं असेल. बाकीच्या एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. या प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मागता येतो. ‘मी कधी कर्जच घेतलं नाही, मला काय करायचाय अहवाल?’ असं म्हणू नका. ज्यांनी कधी कर्ज घेतलं नाही, त्यांनी तर आवर्जून बघावा. त्यांच्या अहवालात एक जरी कर्ज दिसलं तरी ते चोरीचंच असणार, नाही का?

मोबाइलवरून कर्ज घ्यायची वेळ आलीच, तर तीन गोष्टी तपासा. कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी नेमकी कोणती, तिचं नाव दिसलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा नोंदलेल्या अ‍ॅपची यादी जुलै २०२५ पासून बघता येते. कर्जाचे पैसे थेट तुमच्याच खात्यात आले पाहिजेत. आणि तुमची फोनवही किंवा फोटो बघायची परवानगी अ‍ॅप मागत असेल तर तिथेच थांबा, कारण रिझर्व्ह बँकेचे नियमच सांगतात की कर्ज देणाऱ्याने तिथे डोकावायचं नाही. ‘आधी हजार रुपये फी भरा, मग कर्ज’ म्हणणारा कर्ज देत नसतो. तो फक्त हजार रुपये घेत असतो!

झालंच तर?

सगळी काळजी घेऊनही होऊ शकतं. तेव्हा पहिली शत्रू असते लाज. ‘ह्यांना कळलं तर काय म्हणतील’, ‘सासूबाई बोल लावतील’, या विचारात दोन दिवस जातात आणि तेवढ्यात पैसा हातचा जातो. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा. जितकं लवकर कळेल तितकी पैसे मधेच अडवण्याची शक्यता जास्त. मग बँकेला कळवायचं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना लेखी सांगितलंय, की फसवणूक कळल्यापासून ग्राहकाने किती दिवसांत कळवलं, त्यावर त्याची जबाबदारी ठरते. म्हणून आजचं काम आजच.

तुमच्या नावावर न घेतलेलं कर्ज निघालं असेल तर वसुलीवाल्याशी फोनवर वाद घालत बसू नका. ‘हे कर्ज माझं नाही’ असं कंपनीला लेखी कळवा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोलिसांत तक्रार द्या. दुसऱ्याची ओळख फसवून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. ठाण्यात कुणी ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणालं, तर हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घेण्याची तरतूद कायद्यात आहे हे सांगा. आणि कटकट नको म्हणून ‘एक हप्ता भरून टाकू’ असं मुळीच करू नका. भरलेला हप्ता म्हणजे कर्ज मान्य केल्यासारखं उद्या तुमच्याच अंगावर येऊ शकतं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

मग सिबिलसारख्या कंपनीकडे ती नोंद चुकीची असल्याची तक्रार करायची. तीस दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू झाला. त्यानंतरही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. त्यांचा माहितीचा क्रमांक १४४४८. आणि या सगळ्यात जीव नकोसा झाला, रात्र रात्र झोप लागेना, तर १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य क्रमांकावर मन मोकळं करा. अनोळखी माणसाशी बोलणं कधी कधी घरच्यांपेक्षा सोपं जातं.

मग सगळं बाईनेच सांभाळायचं?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, पावती बाईने लिहायची, अंगठा बाईने जपायचा, अहवाल बाईने बघायचा, मग बाकीचे काय करणार? रास्त प्रश्न आहे. सावधगिरीचे धडे देऊन सगळी जबाबदारी फसलेल्या बाईवर टाकणं हे मलाही मान्य नाही. ज्या बाईची महिन्याची कमाई आठ-दहा हजार, तिच्या नावावर महागडा फोन कर्जाने देताना त्या वित्त कंपनीच्या माणसाला एकदाही शंका येऊ नये? ‘बाई, हा फोन तुम्हीच वापरणार का?’ एवढं विचारायला काय लागतं? पण त्याच्याही डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं. कर्ज चढवायला पंधरा मिनिटं आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायला कित्येक महिने, असा हा उलटा न्याय आहे. कर्ज ज्याने दिलं त्याने ते खरोखर त्याच बाईने घेतलं, हे सिद्ध करायला हवं. आपण घेतलं नाही हे सिद्ध करत तिने ऑफिसांचे उंबरे का झिजवायचे?

हे बदलायला वेळ लागेल. पण तक्रारी कागदावर आल्याच नाहीत तर कधीच बदलणार नाही. मानखुर्दच्या बायका गप्प बसल्या नाहीत, पोलिसांत गेल्या, म्हणून तर आपल्याला कळलं. एकटी बाई गेली तर ‘तुमचीच चूक’ म्हणून परत पाठवतात. पासष्टजणी गेल्या की बातमी होते. तेव्हा एक करा. येत्या बचत गटाच्या बैठकीत, भिशीला नाहीतर हळदीकुंकवाला हा विषय काढा. प्रत्येकीने आपल्या खात्याला कुणाचा क्रमांक जोडलाय ते तिथेच सांगायचं. एखादी गप्प बसली, मान खाली घातली, तर तिला सगळ्यांसमोर छेडू नका. निघताना तिच्याबरोबर चार पावलं चालत जा आणि हळूच विचारा, ‘काय गं, कुणाला कागद दिलेस का?’